पेपर संपल्यानंतरचा उन्हाळा



आपल्या या मालिकेत आपण एरवी लढाया, किल्ले, तह आणि सेनापती यांच्याविषयी बोलतो. आजच्या भागात एकही लढाई नाही. तरीही दरवर्षी या देशातली लाखो मुलं ज्यातून जातात आणि आपण मोठी माणसं ज्याच्याकडे बाहेरून बघतो, असा एक प्रसंग आज घेतोय. विद्यापीठाची परीक्षा आणि तिच्या पाठोपाठ येणारा उन्हाळा.

तुम्ही हे वाचत असाल बडोद्यात, इंदूरमध्ये, बेळगावात, हैदराबादेत, दिल्लीत किंवा पुण्यात. एप्रिलमध्ये कुठल्याही हॉस्टेलवर जा, चित्र सारखंच दिसेल. टेबलावर झेरॉक्सच्या नोट्स, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हॉल तिकीट हरवू नये म्हणून पुस्तकात ठेवलेलं. रात्री दोन वाजता चहाच्या टपरीवर गर्दी. खोलीतल्या कॅलेंडरवर पेपरच्या तारखांना लाल गोल, शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाला सगळ्यात मोठा गोल, कारण त्या दिवसाचं गाडीचं रिझर्वेशन आहे. घरी आईने आंब्याची पेटी सांगून ठेवलेली असते. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, फक्त अकरा दिवस."

या अकरा दिवसांच्या मोजणीला इतिहास आहे. हे वेळापत्रक कुणी आखलं, कशासाठी आखलं आणि पेपर संपल्यानंतरच्या रिकाम्या वेळात आपल्या माणसांनी काय केलं, हे आज बघू. शेवटी थोडं आजच्याविषयी बोलेन, कारण माझ्या मते तो रिकामा वेळ आपण मुलांच्या हातून काढून घेत चाललोय.

बंडाच्या वर्षी जन्मलेली परीक्षा

वर्ष १८५७. आम्हा लष्करी लोकांना हे वर्ष बराकपूर, मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी या नावांनी पाठ असतं. पण त्याच वर्षी भारतात आणखी एक गोष्ट सुरू झाली. २४ जानेवारीला कलकत्ता विद्यापीठाचा कायदा झाला, १८ जुलैला मुंबईचा आणि ५ सप्टेंबरला मद्रासचा. मधल्या मे महिन्यात मेरठला ठिणगी पडली होती. मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला तेव्हा दिल्लीच्या टेकाडावर इंग्रजी फौज तळ ठोकून होती. उत्तरेत राज्य राहतं की जातं अशी अवस्था, आणि इकडे विद्यापीठांचे कायदे एकामागून एक मंजूर होत होते.

ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेली होती. लंडन विद्यापीठ तेव्हा शिकवत नव्हतं, फक्त परीक्षा घेत होतं. शिकवायचं कॉलेजांनी, तपासायचं विद्यापीठाने. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ आलं तेच मुळी परीक्षा घेणारं खातं म्हणून. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. सिनेट, रजिस्ट्रार, प्रश्नपत्रिका आणि निकाल, एवढाच कारभार. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं, संशोधन करावं ही तरतूद कायद्यात आली ती १९०४ साली, लॉर्ड कर्झनच्या काळात. तोवर जवळपास अर्धं शतक 'विद्यापीठ' या शब्दाचा सामान्य माणसासाठी अर्थ एकच होता, परीक्षा.

असं का केलं? एक कारण खर्चाचं. दुसरं कारण नोकरीचं. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंजने ठराव केला होता की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळेल. मग शिकलेला कोण, हे ठरवायला एक सारखं माप हवं. ते माप म्हणजे परीक्षा. फौजेत भरतीच्या वेळी उंची आणि छाती मोजतात, तसं हे डोक्याचं मोजमाप.

१८५७ साली कलकत्त्याच्या पहिल्या प्रवेश परीक्षेला २४४ उमेदवार बसले. पुढच्या वर्षी पहिली बी. ए.ची परीक्षा झाली आणि तिच्यात पास झाले फक्त दोघं. एक जदुनाथ बोस आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. तेच बंकिमचंद्र, 'वंदे मातरम्'चे. आणि गंमत बघा, या दोघांनाही एका विषयात थोडे गुण कमी पडले होते, ते वाढवून देऊन त्यांना पास केलं गेलं. आज ज्याला आपण ग्रेस मार्क म्हणतो ते भारताच्या पहिल्या पदवी परीक्षेपासून आहेत. तेव्हा ग्रेसवर निघालेल्या मुलांनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंकिमचंद्र डेप्युटी मॅजिस्ट्रेट म्हणून रुजूही झाले. परीक्षा, निकाल, नोकरी. माप ज्या कामासाठी तयार केलं होतं, त्या कामाला ते लगेच लागलं.

मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. शंभरावर मुलं बसली, पास झालेल्यांची संख्या पंचविशीच्याही आत. १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे यांनी त्या वर्षांत इतकं वाचलं की डोळ्यांचं दुखणं जडलं आणि ते पुढे जन्मभर त्यांच्या मागे राहिलं. रात्री दोनच्या चहाची परंपरा किती जुनी आहे, ते यावरून लक्षात येईल.

परीक्षेच्या बाजूनेही बोललं पाहिजे

परीक्षेला नावं ठेवणं सोपं आहे. मी ते करणार नाही. या व्यवस्थेत एक मोठी ताकद होती. उत्तरपत्रिकेवर नंबर असतो, आणि नंबराला जात नसते. तो बाईचा की पुरुषाचा, हेही तपासणाऱ्याला कळत नाही.

कॉर्नेलिया सोराबजी हे नाव ऐका. जन्म १८६६, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. निकाल असा होता की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे यायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. मग हितचिंतकांनी पैसे उभे केले. त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या, लष्करी इस्पितळांचा इतिहास जाणणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. कॉर्नेलिया ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची बी. सी. एल. परीक्षा त्यांनी दिली. स्त्रीला त्या परीक्षेला बसू देण्यासाठी खास ठराव करावा लागला. पण पदवी? ती मिळाली १९२२ साली, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. परीक्षा आणि पदवी यांच्यात तीस वर्षं. आपली मुलं दोन महिने निकालाची वाट बघून कंटाळतात.

त्यांच्याही आधी, १८८३ साली, कलकत्ता विद्यापीठाने कादंबिनी बोस, म्हणजे पुढच्या डॉ. कादंबिनी गांगुली, आणि चंद्रमुखी बसू यांना पदवी दिली. तोवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी नव्हती. परीक्षेने दार उघडलं ते असं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. ज्या समाजाला शाळेत पाणी प्यायचीही मुभा नव्हती, त्या समाजातल्या मुलाचं नाव विद्यापीठाच्या निकालात आलं. त्याची किंमत टक्केवारीत मोजता येणार नाही. पण बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतली आणखी एक गोष्ट मला सांगायची आहे. त्यांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. शाळेतली एक परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला. त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यांनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र या मुलाला भेट दिलं. ते पुस्तक कुठल्याही पेपरला नव्हतं. परीक्षा संपली होती, म्हणून ते निवांत वाचलं गेलं. त्याचा परिणाम काय झाला, हे १९५६ साली नागपुरात साऱ्या जगाने पाहिलं.

इथून पुढे माझा मुद्दा सुरू होतो.

जे माप चुकलं

मोजमापाचं एक असतं. ते जे मोजायला बनवलंय तेवढंच मोजतं.

कुंभकोणमचे श्रीनिवास रामानुजन. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून सरकारी कॉलेजात गेले. गणितात इतके बुडाले की बाकीच्या विषयांकडे लक्षच राहिलं नाही. शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. मग मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातून पुन्हा प्रयत्न. एफ. ए.च्या परीक्षेत १९०६ मध्ये नापास, १९०७ मध्ये पुन्हा नापास. शरीरशास्त्रासारख्या विषयांनी घात केला. त्या काळी या परीक्षा डिसेंबरात होत. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्टी आणि जूनमध्ये नवं वर्ष ही आपल्या ओळखीची घडी सगळीकडे नंतर बसत गेली.

त्यानंतरची काही वर्षं रामानुजन यांच्याकडे पदवी नव्हती, नोकरी नव्हती, पगार नव्हता. होत्या त्या वह्या. त्या वह्या त्याच वर्षांत भरत गेल्या. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलं. आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने, म्हणजे ज्याने त्यांना दोनदा नापास केलं त्याच विद्यापीठाने, महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. हातात पदवी नसताना. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मी हे उदाहरण "नापास झालात तरी काय बिघडलं" असं म्हणायला देत नाहीये. रामानुजन यांचं बरंच बिघडलं. ती वर्षं उपाशीपोटी गेली, प्रकृती खालावली, ३२ व्या वर्षी माणूस गेला. सांगायचं एवढंच की ज्या काळात परीक्षेच्या हिशेबी ते शून्य होते, त्याच काळात त्यांचं काम चालू होतं.

निकाल लागलाच नाही तेव्हा

कधी कधी इतिहास परीक्षेलाच आडवा येतो.

१९३८ चा उत्तरार्ध. हैदराबाद संस्थानातलं उस्मानिया विद्यापीठ. तिथे मराठवाड्याची मुलं होती, तेलंगणाची होती, कर्नाटकातली होती. हॉस्टेलमध्ये प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही, संप केला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. शैक्षणिक वर्ष अर्धं झालेलं, परीक्षा पुढे, आणि अंगावर हकालपट्टीचा शिक्का. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने दार उघडलं आणि या मुलांना प्रवेश दिला. त्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. फर्ग्युसन आणि नागपूरमुळे ते उत्तम मराठी बोलत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. बंकिमचंद्रांनी लिहिलेलं गीत म्हटलं म्हणून मुलांची परीक्षा हुकली. आणि बंकिमचंद्र स्वतः पहिल्याच परीक्षेचे पदवीधर. इतिहासात अशा गाठी फार असतात.

दुसरं उदाहरण १९४७ चं. पेशावरला, १४ वर्षांच्या एका मुलाने मॅट्रिकचे पेपर दिले. पेपर संपले. मग उन्हाळा आला, पण तो फाळणीचा उन्हाळा. घरच्यांनी कुटुंब हलद्वानीला आणलं. दंगली पेटल्या, देश वाटला गेला आणि त्या परीक्षेचा निकाल लागलाच नाही. त्या मुलाने १९४८ मध्ये पुन्हा परीक्षा दिली. मुलाचं नाव मनमोहन सिंग. आपले दुसरे पंतप्रधान झाले या गोष्टीतले. फाळणीचा आकडा आपण मृतांत आणि निर्वासितांत मोजतो. किती मुलांच्या उत्तरपत्रिका तिकडे राहिल्या, हे कुणी मोजलेलं नाही.

तिसरं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोरचं. २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, हॉस्टेलं रिकामी झाली. उन्हाळा आला, आंबे आले, परीक्षा काही आली नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा घ्यायची की नाही यावर वाद झाला, आपल्या महाराष्ट्रात तर जास्तच. शेवटी २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. त्या वर्षी कुणाही मुलाला विचारा, पाच महिने सुट्टी होती, मजा आली का? नाही म्हणेल. सुट्टी मिळाली होती, सुटका झाली नव्हती. परीक्षा डोक्यावर टांगती असेल तर तो उन्हाळा उन्हाळा नसतो. शेवटचा पेपर देऊन वर्गाबाहेर पडताना जे वाटतं, ते पेपर दिल्याशिवाय मिळत नाही.

त्या रिकाम्या वेळात

आता मुख्य गोष्ट. पेपर संपले, निकाल लागायचा आहे, नवं वर्ष सुरू व्हायचं आहे. या मधल्या काळावर कुणाचा हक्क नसतो. तो अभ्यासक्रमात नसतो, त्याला गुण नसतात. आपल्या इतिहासातल्या किती गोष्टी तिथे घडल्या, बघा.

१८७९. पुण्याचं डेक्कन कॉलेज. टिळक कायद्याच्या परीक्षेची तयारी करत होते, आगरकर एम. ए.ची. हे काही सुट्टीचे दिवस नव्हते. पण अभ्यास बाजूला ठेवून टेकडीवर आणि खोलीत रात्र रात्र जे बोलणं चालायचं, ते कुठल्याही पेपरला उपयोगाचं नव्हतं. त्या बोलण्यातून एक ठरलं. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. विष्णुशास्त्री चिपळूणकर नोकरी सोडून आले आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: मुलाच्या मोठ्या परीक्षा झाल्या, आता मोठ्या पगाराची नोकरी येईल अशी आस धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचं आयुष्य लोकांसाठी देणार आहे, असा त्याचा आशय. ज्या परीक्षेचा हेतू सरकारला नोकर पुरवणं हा होता, ती परीक्षा पास होऊन नोकरी नाकारणारे हे लोक. माप सरकारचं होतं. मापून झाल्यावर कुठे जायचं, ते यांनी स्वतः ठरवलं.

आता १९३०. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला एक १९ वर्षांचा मुलगा. ऑनर्सची परीक्षा झाली, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, केंब्रिजला जायचं ठरलं. ३१ जुलैला मुंबईहून बोट निघाली. केंब्रिजचा अभ्यास अजून सुरू व्हायचा होता, मद्रासचा संपला होता. बोटीवर करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा हा मुलगा डेकवर कागद घेऊन बसला आणि मरणाऱ्या ताऱ्यांचं गणित मांडत गेला. एका ठराविक वस्तुमानापलीकडचा तारा श्वेतखुजा बनून शांतपणे विझू शकत नाही, असं उत्तर आलं. आज त्याला चंद्रशेखर मर्यादा म्हणतात, सूर्याच्या सुमारे १.४ पट. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं. दोन अभ्यासक्रमांच्या मधल्या समुद्रावर, कुणी सांगितलेलं नसताना मांडलेलं हे गणित.

माझ्या क्षेत्रातलंही एक सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, विद्यापीठांत विद्यार्थ्यांची लष्करी पथकं निघाली. १९२० मध्ये तीच युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाली आणि १९४८ मध्ये तिच्या जागी एन. सी. सी. आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजच्या मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली. १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. त्या वर्षांत कित्येक मुलं पदवीची परीक्षा देऊन घरी न जाता थेट मद्रास आणि पुण्याच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये गेली. मी फौजेत आलो तेव्हा त्यातले बरेच जण आमचे वरिष्ठ होते. तुम्ही फौजेत कसे आलात, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच असायचं. परीक्षा झाली होती, निकालाला वेळ होता, आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर जाहिरात लागली होती.

मित्रहो, परीक्षा माणसाला तपासते. आपण कोण व्हायचं, हे मात्र माणूस पेपर संपल्यावर ठरवतो. त्याला तेवढा वेळ मिळाला तर.

आजचा उन्हाळा कुठे गेला?

आणि इथेच माझी काळजी आहे.

आजच्या मुलाचं कॅलेंडर बघा. बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे जेईई, एप्रिल-मेमध्ये राज्याची सीईटी, मेच्या पहिल्या रविवारी नीट, मग सीयूईटी. २०२४ मध्ये एकट्या नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली. १८५७ चे ते २४४ आठवा. कॉलेजची मुलं यातून सुटतात असं नाही. सहामाही परीक्षा संपली की इंटर्नशिप, शेवटचं वर्ष संपत नाही तोच मे-जूनमध्ये यूपीएससीची पूर्वपरीक्षा. एका पेपरहून उठून मूल दुसऱ्या पेपरला बसतं. मधला मोठा लाल गोल कॅलेंडरवरून पुसला गेलाय.

याची किंमत काय, तेही सांगितलं पाहिजे. सरकारी नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. सगळीच प्रकरणं परीक्षेची नाहीत, कारणं अनेक असतात. पण तेरा हजार म्हणजे माझ्या भाषेत पंधराहून जास्त पलटणी. एका वर्षात. एवढी हानी कुठल्या मोर्चावर झाली असती तर देशाने रात्र रात्र चर्चा केली असती.

फौज निवड कशी करते, ते सांगतो. अधिकारी व्हायचं तर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डासमोर जावं लागतं. पाच दिवस चालतं. लेखी कामं, गटातली कामं, मैदानावरचे अडथळे, मुलाखत. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचले जातात. बहुतेकांचे वाचले जात नाहीत. ती मुलं बॅग उचलतात आणि स्टेशनवर जातात. त्यांना कुणी नापास म्हणत नाही. वय बसत असेल तर पुन्हा या, असंच सांगितलं जातं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला निवडले गेलेले आणि पुढे उत्तम पलटण चालवलेले अधिकारी मी पाहिले आहेत. पहिल्या खेपेला का आला नाहीस, हे कुणी त्यांना जन्मभर विचारत बसलं नाही.

आणखी एक. फौजेत बदली झाली तरी मुलाचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत कुटुंबाला क्वार्टर ठेवता येतं. अधिकारी किंवा जवान सीमेवर, आणि बायको-मुलं जुन्या ठाण्यावर, परीक्षा संपेपर्यंत. एप्रिल उजाडला की कंपनी कमांडरच्या टेबलावर रजेचे अर्ज जमतात. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, "मुलांच्या सुट्ट्या". बर्फातल्या चौकीवरचा जवान मुलाचे गुण विचारत नाही. तो विचारतो, पेपर कधी संपताहेत, म्हणजे घरी कधी जाता येईल. मला वाटतं परीक्षेविषयी बापाने विचारायचा योग्य प्रश्न हाच आहे.

तेव्हा पालकांना माझी विनंती. शेवटचा पेपर झाला की निदान तीन आठवडे मुलाला पुढच्या परीक्षेचं नाव काढू नका. "पेपर कसा गेला" हे एकदाच विचारा. त्याला गावी जाऊ द्या, आजीकडे राहू द्या, दुपारी लोळू द्या, भलतंच पुस्तक वाचू द्या. तो वेळ वाया जातोय असं तुम्हाला वाटेल. केळुसकर गुरुजींचं पुस्तकही परीक्षेच्या हिशेबात वायाच होतं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी. अभ्यास मनापासून करा. बाहेर उन्हं तापताहेत, मित्र कोकणात जायचे बेत करताहेत, आणि तुमचे चार पेपर बाकी आहेत, हे कठीण असतं, मान्य. पण ते चार पेपर पूर्ण द्या, कारण नंतरची मोकळीक त्यातूनच येते. निकाल वाईट लागला तर ती एका मापाची एका दिवसाची नोंद आहे. त्या मापाने रामानुजनना दोनदा नापास केलंय. मन फारच अंधारलं तर एकट्याने झुंजू नका. फौजेतही कुणी एकटा लढत नाही. आईला, मित्राला, शिक्षकांना सांगा, नाहीतर १४४१६ या सरकारच्या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणि निकालाच्या आधीच्या त्या दिवसांत स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. कुणी मला तपासणारच नसेल, तर मी काय करेन? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. उन्हाळा मोठा असतो.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर, किल्ल्यांकडे जाऊ. तोवर ज्यांचे पेपर चालू आहेत त्यांना शुभेच्छा, आणि ज्यांचे संपले त्यांनी पहिला आंबा माझ्या नावाने खा.

जय हिंद. जय महाराष्ट्र.